लंडनच्या आधीचा बुधवार

खुर्चीचा मागचा उजवा पाय खुणेवर बरोबर होता. उरलेले तिन्ही पाय रंगमंचाच्या फळ्यांवरच्या पांढऱ्या चिकटपट्टीपासून थोडे थोडे हटलेले होते, पुढचा डावा सगळ्यांत जास्त, दोन बोटं. म्हणजे धक्का लागून ती सरकली नव्हती. कुणीतरी त्या एका पायावर ती फिरवली होती.

अँब्रोज थर्लोने आपली ती खुर्ची हलवली नाही. कुणी फिरवली हे त्याला कळायला हवं होतं.

पडद्यापलीकडे स्कारबरोच्या दुपारच्या खेळाचे प्रेक्षक स्थिरस्थावर होत होते. टीव्हीवर त्याने इतकी वर्षं स्टेशनमास्तर केला होता, की फिश अँड चिप्सच्या दुकानात लोक अजून त्याला विचारत, "काय मास्तर, लीड्सची गाडी आज तरी येणार का?" तो हसून टोपीला हात लावल्यासारखं करी आणि घरी येऊन चिडचिड करी. आता शरदात हे नाटक लंडनला जायचं होतं. पाटीवर पहिलं नाव त्याचं. सारा जन्म त्याने याचीच वाट पाहिली होती. तरी त्याचा एजंट बर्नार्ड रोज सकाळी फोन करून होकार मागे, आणि अँब्रोज म्हणे, "सोमवारी सांगतो." असे कितीतरी सोमवार गेले.

आधी त्याला आपल्या पायाखाली खड्डा कोण खणतंय ते शोधायचं होतं. त्याच्या भूमिकेसाठी तयार ठेवलेला बदली नट डेरेक पिम विंगेत उभा राहून त्याच्याकडे फार निरखून बघे. प्रयोग चालवणारी मोयरा डेरेकशी कुजबुजे आणि अँब्रोज आला की गप्प होई. आणि बहिणीचं काम करणारी फिलिपा तर उघड उघड त्याची वाक्यं खात होती. "तुला विहिरीबद्दल सांगायचंय ना?" असं प्रयोगात तीच विचारून टाकी. मग त्याला सांगायला उरायचं काय? नटाचं वाक्य खाणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं.

म्हणून आज पहिल्या अंकात त्याने सापळा लावला. विहिरीच्या वाक्याआधी तो मुद्दाम गप्प बसला. फिलिपा लगेच बोलली. सापडली!

मध्यंतरात प्रेक्षकांच्या मांडीवर चहाचे ट्रे गेले, तसा तो तिच्या मेकअपच्या खोलीत शिरला.

"माझी वाक्यं खातेस."

"बस आधी. आणि दार लाव, रागाच्या वाफा बाहेर जातायत तुझ्या."

"आज मी मुद्दाम थांबलो होतो, फिलिपा."

"माहितीये. तेव्हा मांजरासारखा टपून बसला होतास माझ्यावर." तिने आरशात बघत नाकावर पावडर टिपली. "खरंच अडतोस तेव्हा तू हसतोस, राजा. फार गोड हसतोस. आज दोनदा हसलास."

"कधी?"

तिने पावडरची डबी मिटली.

"हे तुला मोयराने पढवलंय."

दार ढकलून डेरेक चहाचा मग घेऊन आला. "चहा. साखर घातलीये, ओरडू नका."

"डेरेक, खुर्ची कोण फिरवतं?"

डेरेकने फिलिपाकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? ती काय तुझी प्रॉम्प्टर आहे?"

"मी फिरवतो," डेरेक म्हणाला. "तशी ठेवली की विंगेतली मोयरा तुम्हाला समोर दिसते. ती ओठ हलवते, तुम्ही तिथून उचलता. इतकं सहज, की प्रेक्षकांना पत्ता लागत नाही."

"मी उचलतो? कधीच नाही!"

"रोज, अँब्रोज," डेरेक म्हणाला.

तिघांनी मिळून रचलेलं असेल. अँब्रोजने दोघांच्या चेहऱ्यांवर लोभ शोधला. डेरेकला लंडन नको असेल असं मानायला तो काही खुळा नव्हता. पण डेरेक मान खाली घालून उभा होता आणि गरम मग त्याच्या हाताला पोळत होता, तरी तो खाली ठेवत नव्हता.

"खोटं आहे हे," अँब्रोज म्हणाला. "दुसऱ्या अंकात वकील गेल्यावर मी खिडकीपाशी जातो आणि म्हणतो..."

तो थांबला. वाक्य येईल अशी त्याची खात्री होती. खिडकी दिसत होती, हातातली काठी जाणवत होती. फिलिपाचे ओठ किंचित उघडले आणि तिने ते मिटून घेतले. यावेळी तिने मदत केली नाही.

तेव्हा त्याची नजर तिच्या खांद्यावरून आरशात गेली. आरशातला म्हातारा हसत होता. फार गोड.

बाहेरून मोयराने दारावर टकटक केली. "पाच मिनिटं, मंडळी."

"आलो," तो म्हणाला. त्याने डेरेकच्या हातातून चहाचा मग घेऊन टेबलावर ठेवला. "हा आठवडा मी ओढतो. मोयराला सांग, ओठ जरा मोठे हलव. पण लंडनला मी जाणार नाही, डेरेक. तिथे तू उभा राहायचं."