काकांच्या भुवईवरचा वण

क्लासचे सर दिवसभर एकच बोंबलायचे, "आधी फाइलची कॉपी करा, मग हात लावा!" ठिणगी ते या कानाने ऐकायची आणि त्या कानाने सोडायची. शाळेतही तिने तेच केलं होतं. शेवटी एका बाईंच्या अंगावर डस्टर फेकून घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. मग जिच्याकडे ती राहायची त्या मावशीने तिला या फोटो-डिझाइनच्या क्लासला घातलं. म्हणाली, "नजर घारीची आहे तुझी. डोकं तेवढं थंड ठेव."

त्याच मावशीने तिच्या हातात काकांच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, जुन्या फोनमधलं मेमरी कार्ड ठेवलं. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. कॅमेरा दिसला की पाठ फिरवणारा माणूस. कामावरच्या मित्राने काकांच्याच फोनवर वर्कशॉपच्या दारात बेसावध पकडलेला, हसतानाचा, एवढा एकच फोटो उरला होता.

"जरा उजळ कर गं. मोठा करून भिंतीवर लावते."

ठिणगीने कार्ड सरळ कॉम्प्युटरला लावलं, फोटो उजळला, आणि तिचे हात शिवशिवायला लागले. गालावरचा काळा डाग ब्रशने पुसला. कानामागची वायर उडवली. मग भुवईवरचा वण. एक फटका मारला, कातडी गुळगुळीत. जुन्या फोटोवरच सेव्ह करू का, असं मशीनने विचारलंसुद्धा. हो बाबा, हो! ठोकलं बटण आणि फाइल बंद.

"सफाई झकास," सर म्हणाले. "ओरिजिनल दाखव बघू."

"हेच."

सर खुर्चीत टेकले. कार्ड त्यांनी नाना तऱ्हांनी तपासलं, पण जुना फोटो काही परत आला नाही.

घरी मावशीने हात पुसून प्रिंट घेतली. खिडकीशी नेली.

"अगंबाई, मुलगी बघायला निघालेत जसे!" ती हसली. मग तिचं बोट भुवईवर गेलं आणि तिथेच फिरत राहिलं. "वण कुठाय?"

"प्रिंटरने खाल्ला. शाई संपली होती."

"मेल्याने बरोबर तेवढंच खाल्लं?" मावशीने प्रिंट जपून कपाटावर ठेवली. "असू दे. तू मेहनत घेतलीस ना."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये ती वण पुन्हा रेखाटत बसली. सरळ काढला, तिरका काढला, जाड काढला. दर वेळी कोणी तिसराच माणूस हसायचा. रोज समोर जेवायला बसायचे काका, आणि वण नाकाकडे वळायचा की कानाकडे, हेच तिला सांगता येईना. घारीची नजर म्हणे! तिने माउस आपटला.

"माउसने काय केलंय?" सर म्हणाले. "ज्याला ठाऊक आहे, त्याला विचार."

ठाऊक एकीलाच होतं. ठिणगी घरी गेली, दारातच उभी राहून म्हणाली, "प्रिंटरने नाही खाल्ला. मी पुसला. जुना फोटो गेला, मावशी."

मावशीने हातातलं फडकं पिळून दांडीवर टाकलं.

"मी झाकण फेकून मारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "लग्न नवं होतं, डोकं तुझ्यासारखंच. जन्मभर सांगत फिरले, सायकलवरून पडलो म्हणून. माझी चूक झाकली त्यांनी. आणि तू ती साबणाने धुतल्यासारखी पुसलीस?"

मावशीने पायात चपला सरकवल्या. "चल. कुठे बसून करतेस ते?"

क्लासमध्ये मावशी स्क्रीनला नाक लावून बसली. ठिणगीने आधी कॉपी केली.

"वर घे. एवढा नको गं, झाकण होतं, कुऱ्हाड नव्हे. हां... कानाकडे. शेवटी जरा बारीक."

रेघ पूर्ण झाली.

"असाच होता?"

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जवळपास," ती म्हणाली.