सोमवारची शिकवणी

घोड्यांना नाल ठोकणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून हिंडावं, हे मला माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मेलबर्नजवळच्या वुडेंड ते काइनटन या पट्ट्यातल्या बहुतेक पागा माझ्याकडे आहेत. कुणाच्या कोठारातलं गवत बुरसलंय, कुठल्या शिक्षकाचा हात जड आहे, कुठला घोडा विकताना तीन वर्षांनी तरुण झाला, मला सगळं ठाऊक असतं. एकदा बोललो की धंदा बसला.

म्हणून रोझलिन टेविटबाईंनी मला सरळ प्रश्न विचारला तेव्हा माझी पंचाईत झाली.

बाई पर्थकडच्या. सगळा जन्म शाळेत गेला, शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापिका. मुलीला जुळं झालं म्हणून तिकडचं घर विकून नवऱ्यासह इकडे आल्या. बरोबर बिशप, पंधरा वर्षांचा काळाभोर घोडा, ट्रकमधून अख्खा देश ओलांडून आलेला. बाईंना नाद ड्रेसाजचा. त्यात घोडा पळवायचा नसतो, मोजूनमापून चालवायचा असतो. या खुणेपाशी दुडकी, त्या खुणेपाशी वळण, आणि स्वार काही करतोय हे दिसता कामा नये. समोर बसलेला पंच एकेका हालचालीला गुण देतो.

बिशप तेव्हा मुलीच्या घरामागे बांधलेला होता. मी त्याचे खूर तासत होतो आणि बाई वही उघडून उभ्या होत्या. नवा शिक्षक आणि नवी पागा निवडण्यासाठी त्यांनी एक्केचाळीस प्रश्न काढले होते.

"डग, या भागात चांगला शिक्षक कोण?"

"सगळेच चांगले आहेत, बाई."

"नोकरी मागायला आलेल्यांची मी जुन्या शाळेत चौकशी करायचे ना, तेव्हा हेच उत्तर यायचं. पुढे काय निघायचं ते सांगू?"

"मी आपला खुरांचा माणूस."

"मग खुरांपुरतं सांग."

बाई हुशार. मी जरा विचार केला आणि म्हणालो, "ज्युलियन व्हॉसकडे कुरणं कोरडी असतात. मिन्के ड्रॉस्टकडे घोडे सरळ चालतात, नाल दोन्हीकडून सारखी झिजते."

बाईंनी दोन्ही नावं लिहून घेतली.

आधी त्या मिन्केकडे गेल्या. मिन्के मूळची हॉलंडची, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही खुबे बदललेले. ती रिंगणाच्या मधोमध पालथ्या बादलीवर बसून शिकवते. बाईंनी पहिला प्रश्न वाचला, "तुमची शिकवण्याची पद्धत काय?"

"आधी घोड्यावर बस," मिन्के म्हणाली.

वीस मिनिटं बाईंनी बिशपला फिरवलं. मिन्के बादलीवरून बघत राहिली. मग म्हणाली, "घोडा गुणी आहे. तुझ्या चुका पदरात घेतो."

"आणि मी?"

"तू त्याला सारखी मधेमधे टोकतेस. सहा महिने रिकिबी काढून, पाय लोंबते सोडून बसायचं. मग बघू."

"पर्थच्या माझ्या शिक्षकांनी दहा वर्षांत असं कधी म्हटलं नाही."

"त्यांना तुझा घोडा त्यांच्याकडेच राहायला हवा असेल."

बाईंनी वही मिटली. उरलेले चाळीस प्रश्न विचारलेच नाहीत.

ते सगळे प्रश्न ज्युलियनच्या वाट्याला आले. त्याने चहा करून दिला आणि एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याच्या रिंगणाला भिंतभर आरसे आहेत. बाईंनी एक फेरी मारली आणि तो म्हणाला, "रोझलिन, घोड्यावरची ही बैठक शिकवून येत नाही. उपजत असावी लागते."

बिशप त्याच आठवड्यात तिथे राहायला गेला. ज्युलियनबद्दल वाईट बोलायला मला जागा नाही. त्याच्याकडे घोडे वेळेवर खातात, रोज मोकळ्यावर सुटतात, आणि एखाद्याचं पोट दुखलं तर तो स्वतः त्याच्याजवळ बसून राहतो. बिशपची कातडी आरशासारखी चकाकायला लागली. दर बुधवारी बाईंची शिकवणी असायची. मी पलीकडे काम करत असलो की ज्युलियनचा आवाज कानावर यायचा, "सुंदर. अतिसुंदर."

चार महिन्यांनी आमच्या भागातली स्पर्धा झाली. बाई पांढरी विजार आणि काळा कोट घालून ऐटीत रिंगणात शिरल्या आणि त्यांनी समोर पाहिलं. पंचाच्या खुर्चीत मिन्के होती.

बाई शेवटच्या आल्या. गुणपत्रिकेच्या तळाशी शेरा होता, 'घोड्याला सगळं येतं. स्वाराने कृपया त्याला बोलू द्यावं.'

"म्हातारी जुन्या वळणाची आहे," ज्युलियनने समजूत घातली. "मनावर घेऊ नका."

तेव्हा मी त्याच्याच घोडीचा पाय मांडीवर घेऊन वाकलो होतो. मी मान आणखी खाली घातली.

बाईंनी तो कागद तीन दिवस जवळ बाळगला. दुसऱ्याचे पेपर तपासण्यात आयुष्य गेलं, आता स्वतःचाच तपासत होत्या. सोमवारी सकाळी कुणाला न कळवता त्यांनी गाडी काढली आणि मिन्केकडे आल्या. मी तिथेच होतो. गाडी फाटकात दिसली, पण कुणाला सावध करायला सवडच मिळाली नाही.

रिंगणात ज्युलियन व्हॉस होता. रिकिबी काढलेल्या, टोपी कलंडलेली, तोंड बीटासारखं लाल. मिन्के बादलीवर बसून म्हणत होती, "गुडघा वर येतोय. चौदा वर्षं तेच सांगतेय तुला. एवढ्यात गाढव शिकलं असतं, ज्युलियन."

बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. ज्युलियनने त्यांना पाहिलं आणि घोडा आपोआप थांबला.

"रोझलिन," तो म्हणाला.

"ज्युलियन," बाई म्हणाल्या. "जुन्या वळणाची ना?"

तो घोड्याची आयाळ नीट करायला लागला. "माझ्या विद्यार्थ्यांना हे माहीत नाही."

"ती तुला जे सांगते, ते तू आम्हाला का सांगत नाहीस?"

"एकदा सांगून पाहिलं. महिन्याभरात तीन घोडे दुसऱ्या पागेत गेले." मग तो हळूच म्हणाला, "तुम्हीसुद्धा इथूनच उठून माझ्याकडे आलात ना?"

बाईंनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "डग, तुला ठाऊक होतं."

"मी खुरांचा माणूस, बाई."

त्या मिन्केसमोर जाऊन उभ्या राहिल्या. उभं राहणं थेट त्यांच्या शाळेतल्या मुलांसारखं, हात मागे. "मी बिशपला इथे आणू का?"

"जागा नाही. असती तरी नको म्हटलं असतं. पावसात माझ्या कुरणाचा नुसता चिखल होतो. घोडा त्याच्याकडेच ठेव, तो घोड्यांना चांगलं बघतो. तू सोमवारी ये, याच्यानंतर. रिकिबी घरी ठेवून."

तेव्हापासून सोमवारी ज्युलियनच्या ट्रकमध्ये दोन घोडे चढतात. पागेतल्या बाकीच्यांना वाटतं, दोघं रानात फेरफटका मारायला जातात. बुधवारची शिकवणीही चालूच आहे. मी एकदा विचारलं, आता ती कशाला?

"सोमवारचं ऐकून मंगळवारभर मी घोडा विकायला निघालेली असते," बाई म्हणाल्या. "बुधवारी कुणीतरी सुंदर म्हणावं लागतं. खोटं असलं तरी."

पुढच्या वसंतातल्या स्पर्धेत बाई मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर आल्या. पंच दुसरा होता, मेलबर्नहून आलेला. त्याने शेरा मारला, 'स्वाराची बैठक उत्तम.' पर्थहून आल्या तेव्हाच्या बाईंनी तो कागद फ्रेम करून लावला असता. आताच्या बाई तो घेऊन सोमवारी मिन्केकडे गेल्या.

मिन्केने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"खरं आहे का हे?" बाईंनी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"नाही वाटत."

"मग चढ," मिन्के म्हणाली, आणि तिने बादली सरकवून सावलीत घेतली.