चौदा मजल्यांचा उजेड

"सात!" मावशी म्हणाल्या आणि सुपलीतल्या पाखराची वाकडी झालेली मान त्यांनी बोटानं सरळ केली. "काल तीन होती, आज सात. काय चाललंय काय हे, काका?"

पहारेकरी काका खुर्चीतून उठले नाहीत. नुसते कान खाजवत बसले. एरवी हा माणूस हवापाण्यावरसुद्धा तासभर बोलेल.

पाखरं मुठीत मावतील एवढी. पाठ हिरवट, पोट पिवळं, आणि पाय असे बारीक की काडेपेटीतली काडी त्यापुढे जाड म्हणावी. थंडीच्या तोंडावर ती रोजच काचेच्या भिंतीला लागून, फरशीवर पडलेली असायची. 'साहेबलोक यायच्या आत साफ झालं पाहिजे, दाराशी काही दिसता कामा नये,' असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. मावशी तो अर्धाच पाळायच्या. दाराशी काही दिसायचं नाही हे खरं, पण पाखरं कचऱ्याच्या डब्यातही जायची नाहीत. जुन्या टॉवेलात गुंडाळून मावशी ती मागच्या कुंपणाशी न्यायच्या आणि खुरप्यानं खड्डा करून पुरायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. जिवाला बरं वाटायचं, एवढंच.

चौदा मजल्यांची ती इमारत शहराच्या अगदी टोकाला होती. चारी बाजूंनी काच, पलीकडे पाणथळ मैदान, त्याच्या पलीकडे काही नाही. दिवसा आत सहाशे माणसं, रात्री दोनच. आत झाडलोट करणाऱ्या मावशी आणि बाहेर गेटवर काका. वयानं दोघं सारखीच, साठीच्या अलीकडे-पलीकडे. पण त्यांनी हिला मावशी म्हणायचं आणि हिनं त्यांना काका, हे नातं कुणी न जोडताच जुळून गेलं होतं. रात्री दहाला काकांच्या थर्मासमधला अर्धा कप चहा, सकाळी सहाला 'येते हो', आणि मधले आठ तास मावशींचे एकटीचे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी जोडीला आणखी एक बाई होती. तिचं नाव सगळ्यांनी रेडिओ ठेवलं होतं, कारण एकदा लागली की बंद व्हायचं नाव नाही. सुनेपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार घेत ती फरशी पुसायची. आणि दिव्यांच्या बाबतीत भलती कडक. 'विझव गं तो, कुणाचं लग्न आहे का इथं?' म्हणून ओरडायची. ज्या मजल्यावर काम, त्याच मजल्यावर दिवा. दोन वर्षांपूर्वी रेडिओ मुलाकडे राहायला गेली ती गेलीच. कंपनीनं दुसरी बाई दिली नाही. 'मावशी काय, एकट्या दोघींचं काम ओढतात,' असं कौतुक मात्र दिलं.

तेव्हापासून मावशींची एक रीत पडली. आधी उजेड, मग झाडू. लिफ्टनं थेट चौदाव्यावर जायचं आणि जिन्यानं उतरत एकेक मजला उजळत खाली यायचं, की मग कामाला हात घालायचा. मॅनेजरसाहेबांची हरकत नव्हती. 'दुरून काय उठून दिसते आपली इमारत!' असं ते म्हणायचे. कंपनीच्या कॅलेंडरवर रात्रीचाच फोटो होता. मावशींना इमारत उठून दिसो नाहीतर बसून दिसो. त्यांना अंधाराची भीती वाटायची. हो, साठीच्या बाईला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या लाजायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत.

"बोला की," मावशी म्हणाल्या. "तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे काय बसलात?"

"मावशी, मी बावीस वर्षं दीपगृहावर होतो," काका म्हणाले.

"ते माहितीये मला. शंभरदा सांगून झालंय."

"पाखरांचं नाही सांगितलं." काकांनी घसा साफ केला. "ही लांबून येतात. रात्रीची उडतात, चांदण्यांच्या खुणेनं. आभाळ भरून आलं की खाली उतरतात, आणि उजेड दिसला की त्याच्याभोवती फिरायला लागतात. सोडून जातच नाहीत हो. फिरून फिरून दमतात, नाहीतर काचेवर आपटतात. आमच्या दीपगृहाच्या गॅलरीत सकाळी मेलेल्या पाखरांच्या पाट्या भरायच्या."

"मग दिवा विझवायचा ना, माणसानं!"

"तो कसा विझवणार? बोटी फुटल्या असत्या."

एवढं बोलून काकांनी मान वर केली आणि इमारतीकडे पाहिलं. अजून उजाडलं नव्हतं; चौदा मजले लखलखत होते. मावशींनीही पाहिलं. इथं कुठल्या बोटी आल्यात, हे काका बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

"म्हणजे मी मारते म्हणा की!" मावशींचा आवाज चढला. "सहाशे खुर्च्या पुसायच्या, चौदा मजले झाडायचे, आणि वर हे पापही माझ्याच माथी! वा रे वा!"

"मी तसं कुठं—"

"राहू द्या." टॉवेल बगलेत मारून त्या कुंपणाकडे चालत्या झाल्या. खड्डा नेहमीपेक्षा खोल खणला गेला. राग खुरप्यात उतरला होता, आणि राग काकांवर नव्हता. रेडिओ होती तेव्हा पाखरं पडत नव्हती, हे त्यांना खणता खणता आठवलं होतं.

घरी आल्यावर झोप लागेना. खोली एवढीशी, खिडकीला जाड पडदा, आणि भिंतीवर झिरोचा बल्ब. तो दिवसरात्र जळायचा. दुपारी मुलीचा फोन आला. ती लांब, दुसऱ्या देशात.

"जेवलीस का, आई?"

"जेवले."

"सोड ना आता ते रात्रीचं काम."

"काय गं, तुमच्याकडे पाखरं पडतात का रात्री? इमारतींवर आपटून?"

"काय पडतात?... आई, ऐक, मला आत बोलावतायत. रविवारी करते हं फोन."

रविवारी फोन येईल, त्यात शंका नव्हती. पोरगी गुणाची होती. पण हे विचारायला या क्षणी दुसरं कुणी नव्हतं, आणि मावशींना एकदम फार एकटं वाटलं. त्या झिरोच्या बल्बकडे बघत पडून राहिल्या.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच एका रात्री, लाइट गेली होती. मालक तापानं फणफणलेले, छातीत घरघर. शेजारचा गाडी आणायला धावला होता. घरात मेणबत्ती सापडेना. मावशी त्यांचा हात हातात धरून अंधारात बसल्या आणि एकच घोकत राहिल्या, 'अहो, आत्ता येईल लाइट. आत्ता येईल.' किती वेळ गेला कोण जाणे. एकदम ट्यूब फडफडली, उजेड झाला, आणि मावशींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हात कधीच गार झाला होता. आणि मावशींनी तो झटकला. अंगावर पाल पडावी तसा. तीस वर्षं ज्या हातानं संसार केला, तो हात असा टाकून त्या भिंतीपर्यंत मागे सरकल्या होत्या. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही, रेडिओला तर नाहीच. लोकांना वाटायचं मावशी अंधाराला भितात. खरं म्हणजे अंधार झाला की तो हात पुन्हा आपल्या हातात येईल, असं त्यांना वाटायचं, आणि आपण पुन्हा तेच करू.

त्या रात्री मावशींनी काकांचा चहा घेतला नाही. 'पित्त झालंय,' म्हणाल्या. वर गेल्या, आणि काय करणार, नेहमीप्रमाणे चौदाही मजले उजळले. दुसऱ्या मजल्याचं झाडून झाल्यावर एकदा धीर केला. बोर्डाशी गेल्या, बटणं खाली केली. अंधार पडला मात्र, हात आपोआप परत बटणांवर गेला. "उद्यापासून," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि स्वतःचीच चीड येऊन तिसऱ्या मजल्याकडे निघाल्या.

दोनच्या सुमाराला त्या अकराव्यावर होत्या. बाहेर धुकं उतरलं होतं. काचेवर कुणीतरी टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. मग थाडकन एक. मावशी काचेजवळ गेल्या. आधी काचेत त्यांचंच प्रतिबिंब दिसलं, निळा झगा, हातात फडकं. डोळ्यांवर हात धरून काचेला नाक लावलं तेव्हा बाहेरचं दिसलं. धुक्यात पाखरंच पाखरं. शेकडो. इमारतीला गरगर फेऱ्या घालत होती आणि बारीक आवाजात ओरडत होती. एक सरळ त्यांच्या तोंडावर आलं, आपटलं आणि घसरत खाली गेलं.

"अगं बाई गं!" मावशी किंचाळल्या.

खिशात फोन वाजला. काका होते.

"मावशी, दिवे बंद करा. सगळे. इथं पाऊस पडावा तशी पडतायत."

"मेन बंद करा ना तुम्ही!"

"मेनच्या खोलीला कुलूप आहे. चावी इंजिनिअरकडे, आणि तो फोन उचलत नाहीये."

"मग वर या. माझ्याच्यानं एकटीनं नाही व्हायचं. काका, मला... मला अंधारात चालवत नाही."

काका म्हणाले, "ठाऊक आहे मला. दोन वर्षं दिवे बघतोय मी. पण हे गुडघे घेऊन मला चौथाही मजला चढवायचा नाही, आणि लिफ्टनं येऊन तुमच्याबरोबर चाललो तरी तुमच्या निम्म्या वेगानं. इथं एकेक मिनिट जातंय. तुम्ही करा. मी गेटवरून बघतोय. मजला विझला की मला कळेल तुम्ही कुठं आलात. मी मोजतो."

मावशींनी फोन ठेवला. लिफ्टनं चौदाव्यावर गेल्या.

प्रत्येक मजल्यावर दिव्यांचा बोर्ड एका टोकाला होता आणि जिना दुसऱ्या टोकाला. मध्ये चाळीस पावलं. म्हणजे दिवे विझवायचे आणि चाळीस पावलं अंधारात यायचं. चौदाव्यावर त्या पळत सुटल्या. खुर्चीचा पाय नडगीवर बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण जिन्यातल्या बल्बखाली पोचल्या. तेराव्यावर भिंत धरून आल्या. बाराव्यावर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, 'आत्ता येईल लाइट, आत्ता येईल,' आणि त्या मध्येच थबकल्या. कुणाला सांगतेय मी हे? लाइट येणार नव्हती. ती घालवायलाच त्या आल्या होत्या.

तिथून पुढे त्या पळाल्या नाहीत. भीती गेली असं नाही. ती बरोबरच चालत होती. पण खाली एक माणूस मान वर करून उभा आहे आणि आता म्हणत असेल 'दहा', आता म्हणत असेल 'नऊ', हे त्या प्रत्येक बटणाला आठवत होत्या. घामानं झगा पाठीला चिकटला. सहाव्यावर फाइलींच्या कपाटाशी त्यांना माणूस उभा असल्यासारखं वाटलं. तो कुणाचा तरी टांगलेला कोट होता. "मेल्या, घरी घेऊन जायचा ना," मावशी त्याला म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पहिल्या मजल्यावर शेवटचं बटण पडलं. आता सगळी इमारत काळी होती. जिन्याकडे जायचं सोडून मावशी काचेकडे वळल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं नाही. बाहेरचं दिसलं. धुकं, मैदान, आणि वर फिरणारी पाखरं. मघाची घाई त्यांच्यात राहिली नव्हती. फेरी मोठी होत होती, सैल होत होती.

मावशींनी काचेवर तळवा टेकला. काच गार होती. अगदी तशीच गार. हात मागे यायला निघाला, सवयीनं. मावशींनी तो येऊ दिला नाही.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "चुकलं हो माझं त्या दिवशी."

आणि रडल्या. अकरा वर्षांचं रडल्या, पण हात होता तिथेच होता. वर पाखरांचा आवाज एका बाजूला सरकत गेला, मग लांब गेला, मग मैदानापलीकडे कुठं तरी ऐकू येतोय की नाही असं झालं. तोही थांबला. त्यानंतरही मावशी बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

उजाडताना त्या सुपली-केरसुणी घेऊन खाली आल्या. फरशीवर एकोणीस होती. सगळी दोनच्या आधीची आणि दोनच्या सुमाराची. काकांनी ती उचलून त्यांच्या टॉवेलावर ओळीनं मांडून ठेवली होती. थर्मासमधला चहा ओतून त्यांनी कप पुढे केला. मावशींनी घेतला.

"नंतर एकही पडलं नाही," काका म्हणाले. "साहेब विचारतील, काल अंधार का होता म्हणून."

"मी विझवला म्हणून सांगा. आजही विझवणार आहे म्हणावं."

काकांनी मान हलवली. मग कपाकडे बघत म्हणाले, "मी मोजत होतो. तेरा मजले भराभर उतरलात. पहिल्याचे दिवे गेल्यावर मात्र खाली यायला फार वेळ लागला."

"हो," मावशी म्हणाल्या. "जुनं काम होतं एक. राहून गेलेलं."

मग त्यांनी टॉवेलाची चारही टोकं नीट जुळवून घेतली आणि खुरपं घेऊन कुंपणाकडे गेल्या.