रूपालीचा शेवटचा फॉर्म

अंबूबाईंच्या घरात एक रीत होती. ती कुठल्या पोथीतली नव्हती, गरजेतून पडलेली होती. गावात सप्ता बसला की कीर्तनाला सगळं घर काही एकदम जाऊ शकत नसे. कधी गाय व्यायला आलेली, कधी फुलांना पाणी द्यायची पाळी, कधी कुणाच्या अंगात ताप. मग जो कीर्तन ऐकून येई, त्याने मागे राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी ते सांगायचं. नुसतं ‘झकास झालं’ म्हणून सुटका नाही. बुवांनी अभंग कुठला घेतला, दृष्टांत काय दिला, मृदंगवाल्याने कुठं रंग भरला, मंडप कुठं हसला, बायकांनी डोळ्यांना पदर कुठं लावला, सगळं सांगायचं.

"सांगितलं नाय तर काय उपेग? नुसती मांडी दुखवली म्हणायची," असं अंबूबाई म्हणत.

त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण वीस वर्षांपूर्वी ऐकलेलं कीर्तन त्या अशा सांगत की बुवांनी उपरणं कुठल्या खांद्यावर टाकलं होतं तेही ऐकणाऱ्याला दिसावं.

तर अशा या अंबूबाईंनी सत्त्याण्णव साली एक शब्द दिला. मखमलाबादच्या शिवारात त्यांची अडीच एकर फुलशेती, मुलगा भारत लग्नाचा. मुलगी मिळाली कळवणची, रूपाली. तिथल्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसलेली. सुपारी फुटताना रूपालीचे वडील एवढंच म्हणाले, "बाकी काही मागणं नाही. पोरीचं एक वर्ष राहिलंय."

"तिची पंधरावी मी पुरी करून देईन," अंबूबाई सगळ्या बैठकीत म्हणाल्या. "हा माझा शब्द."

शब्द देताना त्यांच्या मनात काडीइतकी शंका नव्हती. अडचण पुढे निघाली. फुलं पहाटे तोडावी लागतात. पाट्या भरून पंचवटीच्या फुलबाजारात नेऊन, विकून घरी यायला अकरा वाजत, आणि कॉलेज तर सकाळी साडेसातला भरून बाराला सुटे. तेव्हा रूपालीचं नाव नाशिकच्या कॉलेजात बहिःस्थ म्हणून घातलं. म्हणजे वर्गात बसायचं नाही, घरी वाचायचं आणि एप्रिलमध्ये पेपर द्यायचे. कॉलेजात सगळे त्याला एक्स्टर्नल म्हणत. अंबूबाईंची लेक शुभांगी मात्र त्याच कॉलेजात रेग्युलर. ती रोज सकाळी वेणी घालून सायकलवर जाई.

रूपालीने गाइडं आणून अभ्यास केला आणि इतिहासाच्या दोन पेपरांत नापास झाली.

भारत काही वाईट माणूस नव्हता, पण त्याचं डोकं गुलाबात गुंतलेलं. पुढच्या जूनपासून त्याला गुलाबाचं पॉलिहाउस घालायचं होतं. तो म्हणाला, "आई, अजून एकदा भरू दे. पण हा शेवटचा फॉर्म. एकदा गुलाब लावला की घरातलं माणूस हलायचं नाय."

"एकदाच पुरे हाय," अंबूबाई म्हणाल्या. तोडगा त्यांच्याकडे तयारच होता. शुभांगीही आता तिसऱ्या वर्षाला, विषय तोच. "शुभे, तू कॉलेजात बसतीस ना? मग जे ऐकशील ते संध्याकाळी वहिनीला सांगायचं. कीर्तनासारखं. एकीने ऐकायचं, दोघींनी पास व्हायचं."

आणि जून ते दिवाळी ही व्यवस्था काय सुंदर चालली म्हणून सांगू! संध्याकाळी ओट्यावर तिघी झेंडूचे हार ओवायला बसत आणि शुभांगी सांगू लागे. तिला नकला छान येत. इतिहासाचे कापडणीस सर चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलावर कसे शोधतात, इथपासून सुरुवात. मग फ्रान्समधली भाकरी महागते, राजाचं डोकं उडतं, नेपोलियन गादीवर बसतो. रूपाली हार बाजूला ठेवून वहीत टिपून घेई. अंबूबाईंना तर त्या नेपोलियनचा असा लळा लागला की फुलबाजारात शेजारच्या गाळ्यावरच्या लताबाईंना त्या रोजची खबर देत.

"रशियात शिरला तो, लताबाई."

"कोण? तुमच्या भारताचा मित्र?"

"अहो, राजा हाय तो. आता थंडीने मरतंय बघा त्याचं लष्कर."

दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलं. काय ते अंबूबाईंना नेमकं सांगता आलं नसतं. शुभांगी सांगत होती, रूपाली लिहीत होती, हार ओवून होत होते. पण कीर्तनात बुवा पाठ केलेलं बोलायला लागले की जसं मांडवातल्या माणसाला आपोआप जांभई येते, तसं त्यांना व्हायला लागलं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. शुभांगी इटलीच्या एकीकरणाबद्दल सांगत होती. कारणं पाच. पहिलं कारण, दुसरं कारण, तिसरं कारण. अंबूबाईंनी सुईतला दोरा ओढून घेतला आणि विचारलं, "शुभे, आज पोरं कुठं हसली?"

"आं?"

"वर्गात. हसू कुठं आलं?"

"आज नाही हसलं कुणी. गंभीर विषय होता."

"बरं. सरांनी मधेच कुणाला उठवलं?"

"नाही गं."

"खडू मोडला? फळा पुसला? कुणी उशिरा आलं?"

शुभांगी हातातल्या झेंडूच्या पाकळ्या उगाच कुरतडायला लागली.

"जो बसून ऐकतो ना," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याचं सांगणं वाकडंतिकडं असतं. मधूनच सुरू करतो, मागं येतो, नाव विसरतो, पण बुवांना ठसका कुठं लागला ते त्याला आठवतं. तुझं हे सरळसोट चाललंय, एकाखाली एक. हे ऐकलेलं नाय. कुठं जातीस तू सकाळची?"

खोटं बोलायला शुभांगीला जमत नसे, नक्कल तेवढी जमे. ती रडली, आणि रडता रडता सगळं बाहेर आलं. दिवाळीपासून ती वर्गात फारशी गेलीच नव्हती. मैत्रिणीच्या मामांनी रविवार कारंज्याजवळ कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका मांडून छापायचं दुकान टाकलं होतं. ती तिथं जाऊन बसे. अक्षरं कशी बसवायची, चौकट कशी घालायची, ते शिके. आणि घरी येताना वाटेत सायकल थांबवून, कॅरिअरला लावलेलं गाइड काढून त्यातलं पान वाचून येई.

"मला नाही गं आवडत तो इतिहास! मला बसवतच नाही चार चार तास. आणि वहिनीला मिळतंयच ना सगळं. गाइडात तेच तर असतं."

"गाइड तर तिच्याकडं गेल्या वर्षीपण होतं," अंबूबाई म्हणाल्या. मग त्या सुनेकडे वळल्या आणि बघतात तर रूपालीच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं.

"तुला ठावं होतं?"

रूपालीने वही मिटली. "दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यातच कळलं, आत्याबाई. वाक्यं ओळखीची होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ताईला तुम्ही रागावला असता, आणि संध्याकाळचं हे बसणंही बंद पडलं असतं. आता निदान अर्धा तास वही तरी हातात येते. नाहीतर तेवढ्या वेळात अजून दोन हार ओवून झाले असते."

बोलण्यात कुरकुर नव्हती. म्हणूनच ते अंबूबाईंना जास्त लागलं. जिला ऐकायचं नव्हतं तिला आपण रोज मांडवात पाठवलं, आणि जी ऐकायला आसुसली होती तिला पाट्या उचलायला ठेवलं. ही एक लेक आणि ती सून, एवढ्यापलीकडे त्याला कारण तरी काय होतं? शब्द मात्र सुनेच्या बापाला दिलेला.

अंबूबाई लेकीला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्यापासून पहाटे तू तोडायला ये. बाजारात माझ्याबरोबर तू. रूपाली, तुझी चांगली साडी काढून ठेव. पण उद्या आधी मी येणार कॉलेजात."

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून सासू-सून कॉलेजच्या पायऱ्या चढल्या तेव्हा अंबूबाईंच्या पदराला अजून शेवंतीचा वास येत होता. कापडणीस सर स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेले. चष्मा कपाळावर. अंबूबाईंनी लगेच ओळखलं.

सगळं ऐकून सर म्हणाले, "मावशी, तुमची तळमळ कळते. पण बहिःस्थ विद्यार्थ्याला वर्गात बसता येत नाही. तो नियमच आहे. यांचं नाव हजेरीपटावर नाही."

"नका लावू हजेरी. नाव पण घेऊ नका. सर, कीर्तनात मांडवाच्या बाहेर उभ्या राहिलेल्याला बुवा हाकलतात का?"

"अहो, हे कॉलेज आहे."

"तेच तर! तिथं नुसतं टाळ वाजवून भागतं, इथं परीक्षा असते."

शेजारच्या टेबलावरच्या एक मॅडम हसल्या. सरांनाही हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. "आणि दहा आठवड्यांत असं काय होणार आहे? पहिलं सत्र तर गेलं. त्यातलं काही यांना माहीत नसणार."

"कोण म्हणतं?" अंबूबाई खुर्चीच्या कडेवर सरसावून बसल्या. "नेपोलियन रशियात शिरला ते सांगू? तुम्ही सांगितलेलं?"

आणि त्या सांगायला लागल्या. नेपोलियनचं लष्कर किती मोठं, मॉस्कोला पोचले तर गाव रिकामं आणि पेटलेलं, खायला दाणा नाही, परतीच्या वाटेवर बर्फ. "मग तुम्ही म्हणालात, निफाडचा पारा चारवर आला तर आपण पेपरात फोटो छापतो, आणि तिथं तर शून्याच्याही खाली. तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, सर, स्वेटर नव्हते का? सगळी पोरं हसली. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, राजाला जिंकायची घाई होती, शिंप्याला वेळ कुठं होता? आणि हसता हसता तुमच्या हातातलं डस्टर पडलं. ते वाकून उचललंत. मग आवाज बदलून म्हणालात, पाच लाखांच्या वर गेले, परत किती आले ते विचारू नका. तेव्हा वर्ग चिडीचूप."

कापडणीस सरांनी डब्याचं झाकण लावलं. घास तसाच राहिला होता.

"देवरे मॅडम," ते शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "हे माझं लेक्चर आहे. ऑगस्टमधलं." मग अंबूबाईंना म्हणाले, "तुम्ही कुठून ऐकलंत?"

"ओट्यावरून. शुभीने सांगितलं, हिने लिहून घेतलं. माझं तर फुकटचं ऐकणं. हिची वही बघा."

रूपालीने वही पुढे केली. सरांनी चष्मा टेबलावर शोधला, कपाळावरून उतरवला आणि पानं उलटू लागले. पानाच्या समासात तिने ठिकठिकाणी प्रश्न लिहून ठेवले होते, विचारायला कुणी नव्हतं म्हणून. ‘लोक राजाला कंटाळले होते तर सम्राट का चालला?’ त्या प्रश्नावर सरांनी बोट ठेवलं.

"हा प्रश्न मला या वर्षी वर्गात कुणी विचारला नाही," ते म्हणाले. "दाराजवळचा शेवटचा बाक रिकामा असतो. हजेरी झाल्यावर या. प्राचार्यांना मी सांगतो. कुणी हटकलं तर माझं नाव सांगा. आणि प्रश्न समासात ठेवायचे नाहीत, विचारायचे."

"विचारील," अंबूबाई म्हणाल्या. "न विचारायची तिची सवय आमच्या घरातली हाय, ती मी मोडते."

दहा आठवडे रूपाली दाराजवळच्या बाकावर बसली. पहाटेची तोडणी शुभांगीच्या अंगावर आली. पहिल्या आठवड्यात तिने रोज कुरकुर केली, पण पंधरा दिवसांत फुलबाजारात असा काही घासून भाव करायला लागली की लताबाईंनी कानाला हात लावला. हजेरी कमी भरल्याने तिची टर्म गेली. आता पुढच्या वर्षी तिला बाहेरूनच बसायचं होतं. तिने ते फार मनाला लावून घेतलं नाही. दुपारी ती उघडपणे सांगून कॉम्प्युटरच्या दुकानात जायला लागली, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला तिने मांडलेली पहिली लग्नपत्रिका घरी आली. कडेने झेंडूची वेल होती.

संध्याकाळी ओट्यावर आता रूपाली बोले. तिला नकला येत नसत. पण ती अडखळत, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन सांगे, आणि अंबूबाई ओवता ओवता मान डोलावत. हे बसून ऐकलेलं होतं.

एप्रिलमध्ये पेपर झाले. जूनमध्ये निकाल लागला त्या दिवशी भारत स्वतः दोघींना रिक्षाने कॉलेजात घेऊन आला. बहिःस्थांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात वेगळी लावलेली असते. एकशे बारा जण बसले होते, एकोणतीस पास. भारत बोट खाली खाली नेत होता आणि त्याच्या मानेवर घाम आला होता. मग बोट थांबलं. द्वितीय श्रेणी.

"इतिहासात एकसष्ट," रूपाली गुणपत्रिका हातात आल्यावर म्हणाली आणि ती तिने सासूच्या हातात दिली.

"कळवणला फोन लाव," अंबूबाई म्हणाल्या. "तुझ्या वडलांना म्हणावं, पंधरावी झाली."

फोन करून आले तर कापडणीस सर ऑफिसच्या खिडकीपाशी उभे होते. या वर्षी एम. ए.ला जागा आहेत, म्हणाले. भारत काही बोलायच्या आत अंबूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, तेवढ्यात तो म्हणाला, "गुलाबाला माणूस ठेवू एक. दोन ठेवू."

खिडकीतल्या क्लार्कने कोरा फॉर्म पुढे ओढला. "नाव झालं, पत्ता झाला. रेग्युलर की एक्स्टर्नल?"

रूपालीने सवयीने सासूकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? ते तुला विचारतायत."

"रेग्युलर," रूपाली म्हणाली. स्पष्ट, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.

क्लार्कने खूण केली आणि शिक्का मारला. अंबूबाई तिथंच उभ्या उभ्या हिशेब करायला लागल्या की गुलाबाला माणूस मिळेपर्यंत पहाटे चारला भारतला उठवायचं, तर पाणी तोंडावर मारायचं की थेट अंथरुणावर ओतायचं.