यंदा वटवट्या आला नाही

आमच्या ह्यांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण वटवट्या बडोद्यात कधी येणार ते पाठ. चिमणीहून लहान, मातकट हिरवा पक्षी. गणपती गेले की हिमालयाकडून येतो, आमच्या वासणा भागातल्या कालव्यावरच्या कडुलिंबांत थोडे दिवस टेकतो आणि दक्षिणेला निघून जातो. "घरात एक वटवट्या असताना दुसरा कशाला हवा?" असं ह्यांचे मित्र जगदेवराव मला चिडवायचे, आणि मग मी त्यांच्या चहात साखर घालायला विसरायचे.

यंदा नवरात्र तोंडावर आलं तरी हे रोज सकाळी तोंड पाडून घरी. "नाही आला." त्या पक्ष्याचे सगळे भाऊबंद दिसायला सारखेच. ओळखायचा तो आवाजावरून, आणि दाट पाल्यात शोधायचाही आवाजावरूनच. आवाज नाही म्हणजे पक्षी नाही, हे ह्यांचं ठरलेलं. मग कधी लग्न-गरब्याच्या पार्टी प्लॉटच्या दिव्यांना शिव्या, कधी फवारणीला. "संपलं सगळं, निरुपमा," म्हणायचे आणि भरल्या ताटावरून उठायचे. तरी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बूट घालून तयार.

मला वेगळीच शंका होती. धुणं झालं की आमचं वॉशिंग मशीन बारीक टीं टीं करतं. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले असतात आणि मला विचारतात, "झालं का गं धुणं?" म्हणून एका सकाळी मीही सोबत निघाले. जगदेवराव रोजच्यासारखे प्रतापनगरहून स्कूटरवर आले होते.

"अरे वा, वहिनी, आज तुम्ही पण? मजामां ने?"

कडुलिंबाखाली उभे राहिलो. वर नुसता गलका चालला होता, बारीक आणि टोचणारा. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण बहिऱ्यालाच काय तो ऐकू येणार नाही असा. हे मात्र मान वर करून, डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसे उभे होते.

"काय, जगदेवराव?"

"ना रे, दिनकर. कंई नथी." जगदेवराव चपलेकडे बघत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. रोज हा भला माणूस खोटं बोलत होता आणि माझा नवरा उपाशी उठत होता. "अहो, झाड भरलंय! तुमच्या डोक्यावर ओरडतायत ते. तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच!"

ह्यांनी जगदेवरावांकडे पाहिलं. जगदेवरावांनी मान वर केली नाही.

"किती आहेत?" ह्यांनी मला विचारलं.

"पुष्कळ."

त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मशीन बसवू, बोलणं नीट ऐकू येईल. पण इतका बारीक आवाज आता परत यायचा नाही. मला वाईट वाटलं, तरी मनात म्हटलं, पक्षी येतायत हे तर कळलं, आता हा माणूस दोन घास नीट खाईल.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी हे अंथरुणातच. मी हलवलं. "अहो, जायचं नाही का? जगदेवराव वाट बघत असतील."

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"निरुपमा, आला नव्हता तेच बरं होतं. उद्या येईल, असं तरी होतं."