सतरा दिवस खोटं बोललेला तराजू

मी तराजू बोलतोय. पितळी नाही, दुकानातलाही नाही. वीतभर बर्च झाडाची काटकी, मधोमध दोरा आणि दोन टोकांना हेरिंग माशाच्या डब्याचं झाकण अर्धं-अर्धं कापून केलेली दोन पारडी. एवढंच माझं वैभव.

अंगाच्या मानाने माझ्या बढाया मात्र मोठ्या. मी माशीचा श्वास तोललाय, असं आता भिंतीवर माझ्या शेजारी टांगलेल्या घड्याळाला मी शपथेवर सांगितलंय. आमच्या छावणीतल्या उवा इतक्या शिस्तीच्या होत्या, की सकाळी शिरगणती सुरू झाली की कॉलरवर येऊन रांगेत उभ्या राहत, हेही सांगितलंय. घड्याळ बिचारं लंबक हलवत ऐकून घेतं. दुसरं करणार काय?

एक गोष्ट मात्र मी त्याला अजून सांगितलेली नाही. ती खरी आहे, म्हणून जिभेवर येत नाही. ती तुम्हाला सांगतो.

नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्र डोंगरात घुसतो तिथे, जर्मनांनी आम्हा रशियन युद्धकैद्यांची छावणी मांडली होती. डोंगर फोडून रेल्वे न्यायची होती. दिवसभर दगड उचलायचे आणि संध्याकाळी दहा माणसांत एक पाव. त्या पावात पीठ थोडं आणि लाकडाचा भुसा जास्त.

"आज भुसा कमी आहे," तीखोन म्हणायचा. तो लोहार होता आणि बराकीतला विदूषकही. "सुतार आजारी पडलेला दिसतोय."

त्या एका पावावरून माणसं एकमेकांचे गळे धरू लागली, तेव्हा येफीम लुकिचने मला घडवलं. हा औषधाच्या दुकानात पुड्या बांधणारा माणूस. हात थंडीने फुटलेले, पण बोटं अजून नेमकी. दोऱ्यासाठी त्याने माझ्या दांडीवर मधोमध एक खाच पाडली, रिकामी पारडी दहाही जणांना दाखवली आणि म्हणाला, "बघा. सरळ आहे ना?"

"आपल्यापेक्षा सरळ आहे," तीखोन म्हणाला.

वाटणीची रीत ठरलेली. पहिला तुकडा डाव्या पारड्यात, तो माप. बाकीचे नऊ एकेक करून उजव्या पारड्यात टाकून त्याच्याबरोबरीचे करायचे, मग दहाही फळीवर मांडायचे. तीखोन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. लुकिच एका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचा, "कोणाचा?" तीखोन न बघता एक नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्याचा तुकडा. यात वशिला नाही, भांडण नाही. फळीवर सांडलेला चुरा रोज एकाने चाटायचा, पाळीपाळीने. ती पाळी म्हणजे सणच.

अख्खा हिवाळा मी खरं बोललो. माझी दांडी थांबेपर्यंत दहा माणसं श्वास रोखून धरायची. देवळातसुद्धा कुणी इतकं मन लावून उभं राहत नसेल. मला त्याचा माज चढला होता, खोटं कशाला सांगू?

मग मकार आजारी पडला. लुकिचच्याच गावचा, चार घरं सोडून राहणारा, तीन मुलींचा बाप. तापाने त्याला उभं राहवत नव्हतं, दोघं त्याला खांदा देऊन कामावर नेत. जो कामाला उभा राहू शकत नसे, त्याला दरीपलीकडच्या बराकीत नेत. तिथून परत आलेला कुणी आम्ही पाहिला नव्हता.

एके दिवशी शौचकूपामागे लुकिचने तीखोनला गाठलं. मी लुकिचच्या सदऱ्यात होतो, म्हणून ऐकलं.

"प्रत्येकाच्या वाट्यातून नखाएवढं," लुकिच म्हणाला. "नऊ जणांची नऊ नखं. मकार उभा राहील."

"आणि बाकीचे सात?"

"नखाने कुणी मरत नाही."

"तुला पुड्या बांधायची सवय आहे, लुकिच. मला घोड्यांना नाल ठोकायची. एक खिळा जरा तिरपा गेला, की घोडा लंगडतो." तीखोनने टाचेने बर्फ खरवडला. "मुली केवढ्या आहेत त्याच्या?"

"धाकटी अजून रांगत होती."

"मी काय करायचं?"

"मी खोकलो, की त्याचं नाव घ्यायचं."

खोकणं सोपं होतं. तिथे सगळेच खोकत होते.

त्याच दिवशी लुकिचने पत्र्याच्या धारेने माझ्या दांडीवर दुसरी खाच पाडली. पहिलीच्या डावीकडे, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. रिकामी पारडी तो आधी खऱ्या खाचेवर सगळ्यांना दाखवायचा. मग पारडी पुसायच्या निमित्ताने दोरा सरकवायचा. मापाचा तुकडा पावाच्या ओल्या बुडातून कापायचा, म्हणजे दिसायला लहान आणि वजनाला जड; नावं घेताना त्याच्यावर बोट आलं, की खोकायचा. उजवीकडचे तुकडे हलके असूनही दांडी सरळ थांबायची. माणसं मान हलवायची. आणि मी नऊ वेळा खोटं बोलून मोकळा व्हायचो.

मला काही करता आलं नसतं, असं नाही. माझ्या दांडीत एक गाठ होती. जरा अंग आखडलं असतं, तर तिथे कटकन मोडलो असतो. पण मोडलेली काटकी शेगडीत जाते, हे मला ठाऊक होतं. मीही जगायचं ठरवलं.

त्या दहांत सावा मास्तर होते. खेड्यातल्या शाळेत शिकवायचे. घरचं कधी बोलले नाहीत, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं, की मागे कुणी नसेल. दुसरी खाच पाडल्यावर चौथ्या दिवशी चुरा चाटायची पाळी मास्तरांची होती. त्यांनी फळी उचलून मकारच्या तोंडाशी धरली.

"मास्तर, पाळी तुमची आहे," मकार पुटपुटला.

"मला भुसा पचत नाही. चाट मुकाट्याने."

तीखोनने भिंतीकडे तोंड फिरवलं. वाटणी केव्हाच संपली होती, तरी तो तसाच उभा राहिला.

बाराव्या दिवशी मकार स्वतःच्या पायाने कामावर गेला. लुकिचच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. मग दोरा मागे सरकवायचा की नाही? "अजून थोडे दिवस," लुकिच म्हणाला, "अंगात ताकद येऊ दे." मास्तर उतरत चाललेत, हे त्याला दिसत होतं का? मला दिसत होतं. उजवं पारडं त्यांच्या समोर असायचं.

सतराव्या दिवशी दुपारी मास्तर दगड घेऊन खाली बसले, ते उठले नाहीत. दगड मांडीवर तसाच, मांडीवर मूल घ्यावं तसा.

त्यांच्या टोपीच्या अस्तरात एक चिठ्ठी निघाली. बायकोचं नाव, गावाचं नाव. अग्राफेना. "बायको होती," लुकिच म्हणाला. तेवढंच तो दोनदा म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने दोरा जुन्या खाचेवर आणला.

पुढच्याच आठवड्यात लुकिचचा हात दगडाखाली चेंगरला आणि त्याला दरीपलीकडे नेलं. जाताना त्याने मला मकारच्या हाती दिलं. मकारने दांडी पुसायला दोरा सोडला आणि त्याला दुसरी खाच दिसली. त्याने दोरा तिथे लावून पाहिला. पारडी तिरकी झाली.

"तीखोन, हे काय आहे?"

तीखोनने सगळं सांगितलं. एकही विनोद केला नाही.

"मला विचारलंत का?" मकार म्हणाला.

"विचारलं असतं, तर नको म्हणाला असतास?"

मकारने दोरा जुन्या खाचेवर सरकवला. मी उत्तराची वाट पाहत होतो, तीखोनही पाहत होता. मग मकारने पाव कापायला घेतला, कारण बाकीची माणसं वाट पाहत होती.

युद्ध संपलं. मकार घरी गेला. परत आलेल्या कैद्यांकडे सरकार चोरासारखं बघत होतं. चौकशा झाल्या, दोन वर्षं कोळशाच्या खाणीत गेली. मग तो मला खिशात घालून मास्तरांच्या गावी निघाला. अर्धी वाट आगगाडीने, अर्धी पायी. वाटेत तो सांगायचं वाक्य घोकत होता. "तुमच्या नवऱ्याच्या तोंडचं मी खाल्लं." दर मैलाला एकदा तरी म्हणायचा.

अग्राफेनाने दार उघडलं. उंच बाई, हातांना पीठ लागलेलं. तिने त्याला बसवलं, चहा दिला, समोर बसली.

"तुम्ही यांच्याबरोबर होतात?"

"हो."

"एकच विचारते. शेवटी उपाशी होते का?"

मकारने कप खाली ठेवला. घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं, मला खिशातून जाणवलं. त्याने बाईकडे पाहिलं. ती ॲप्रनची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"नाही," तो म्हणाला. "पाव सगळ्यांना सारखा मिळायचा. हा बघा, तराजू होता." आणि पुरावा म्हणून त्याने मला टेबलावर ठेवलं.

तिने मला उचललं. दांडीवरून बोट फिरवलं. "यांनीच केला असणार. फळ्याची चौकटसुद्धा स्वतः ठोकायचे."

मकारने थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"हो," तो म्हणाला. "त्यांनीच केला."

तो निघून गेला, तो पुन्हा आला नाही. अग्राफेनाने मला मास्तरांच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलं. दरवर्षी मास्तर गेले त्या तारखेला ती ताज्या पावाचा एक जाड काप माझ्या पारड्यात ठेवायची. एक पारडं जमिनीकडे जायचं, दुसरं छताकडे. दिवसभर मी तसाच लोंबकळायचो आणि ती हात जोडून उभी राहायची. आता ती नाही. तिची भाची तेच करते. शाळेच्या मुलांना घेऊन येते आणि सांगते, "आमचे मास्तर या तराजूने सगळ्यांना सारखं वाटायचे." मुलं माझ्याकडे आदराने बघतात.

थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ही थाप माझी नाही, आणि तीच खोडता येत नाही.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर तिला यातलं काही सांगू नका. चहा प्या, मास्तरांबद्दल विचारा, ती आनंदाने सांगेल. फक्त निघताना काहीतरी निमित्त काढून मला त्या खिळ्यावरून उतरवा. लाकूड वाळलंय म्हणा, कीड लागलीये म्हणा, काहीही म्हणा. मला चुलीत घाला, किंवा नदीत सोडा. मास्तरांचा पाव ठेवायला त्या घरात मातीची बशी आहे.