तक्त्यात नसलेली

"थांब, दार लावू नकोस!" चौथ्या मजल्याच्या हेडसिस्टरने लिफ्टच्या दारात चक्क पाय घातला. "बाहेर ये. आज तुझी परीक्षा आहे."

"पन्नाशीनंतर आम्ही फक्त रक्ताची परीक्षा देतो, सिस्टर."

लिफ्टमधली माणसं हसली. एक पोटाचा पेशंट हसता हसता कळवळला, तरी हसलाच. लिफ्टमन स्टुलावरून उठला, शर्ट खाली ओढला आणि स्टेजवर निघाल्यासारखा बाहेर आला.

सगळं इस्पितळ त्याला दहातोंड्या म्हणायचं. इमारतीला मजले दहा. चार वर्षांपूर्वी परदेशी पेशंट यावेत म्हणून साहेब लोकांनी लिफ्टमध्ये एक रंगीत तक्ता लावला : जगात सगळ्यात जास्त बोलल्या जाणाऱ्या दहा भाषा. प्रत्येकीसमोर किती कोटी लोक बोलतात तो आकडा, आणि त्या भाषेतला नमस्कार. परदेशी पेशंट काही फारसे आले नाहीत, पण याचं फावलं. त्याने मजल्यांनाच भाषा वाटून टाकल्या. पहिल्यावर इंग्रजी, दुसऱ्यावर चिनी, चौथ्यावर स्पॅनिश, पाचव्यावर अरबी, असं करत नवव्यावर रशियन. दार उघडलं की त्या भाषेत "मजला आला, सांभाळून उतरा, लवकर बरे व्हा." एवढंच यायचं. बाकी नुसता ठेका. पण ठेका असा धरायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मॉस्कोतच दूध पिऊन वाढला. एकदा त्याने कॅन्टीनच्या मॅनेजरला रशियन वकिलातीतला साहेब बनून फोन केला आणि पाहुणे येणार म्हणून टेबलांवर पांढऱ्या चादरी घालायला लावल्या. मॅनेजर दोन तास टाय लावून दारात उभा. ते प्रकरण अजून निघायचं.

"सकाळी एक म्हातारी रस्त्यावरून उचलून आणलीय," हेडसिस्टर चालता चालता सांगत होती. "भाजीची टोपली घेऊन चालली होती, स्कूटरने उडवलं. मांडीचं हाड गेलंय. पण पायाचं नावच घेत नाही. तेच तेच ओरडतेय. बाजारातले चार शब्द येतात. किती, नको, साहेब, पाणी. बाकी काय बोलते कुणाच्या बापाला कळत नाही. बघ तुझ्या दहातली कुठली बसते."

"दहातली असेल तर पाच मिनिटांत सोडवतो."

वॉर्डात खाटेभोवती गर्दी होती. ज्युनिअर डॉक्टर, आया, शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक. मधोमध एक वाळकी म्हातारी. एक मूठ घट्ट मिटलेली, दुसऱ्या हाताने खाटेची दांडी धरलेली. डोळे गर्दीवरून भिरभिरत होते.

"आला आला, दुभाषा आला!"

"दु नाही, दहाभाषा," तो म्हणाला. त्याने छाती काढून अरबीत नमस्कार ठोकला, मग फ्रेंचमध्ये. लोक खिदळले. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओरडायला लागली.

आणि त्याच्या पायाखालची फरशी सरकली.

कारण त्याला शब्द न् शब्द कळत होता.

"थोरली आत कोंडलीय रे! दाराला बाहेरून कुलूप आहे! बहीण आहे माझी, तिला डोळे नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे. साबणाच्या कारखान्यामागे निळी टाकी, तिथून तिसरी खोली. पाण्याचा माठ बाहेर राहिलाय. कुणीतरी जा रे!"

ती त्याच्या आईची बोली होती. कोटी सोडा, लाखांतसुद्धा नव्हे, चार-दोन वस्त्यांत उरलेली. अकरा वर्षांत ती त्याच्या कानावर पडली नव्हती. आई होती तेव्हाही फारशी पडली नव्हती, कारण त्यानेच पडू दिली नव्हती. नोकरी लागली, लग्न झालं, बऱ्या वस्तीत खोली घेतली. तेव्हा त्याने आईला हात जोडून सांगितलं होतं, "इथे बोलू नकोस. शेजारी हसतात." ती नाही बोलली. एकोणीस वर्षं नाही बोलली. नातवंडांना वाटायचं, आजीला बोलताच येत नाही. त्यानेही कधी खोडलं नाही.

"काय रे, ओळखलीस का कुठली?" डॉक्टरने विचारलं.

"जंगलातली असेल," कुणीतरी म्हणालं. "माकडं अशीच बोलतात."

हशा पिकला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. आता हा काय करतो, म्हणून. आणि माणूस सवयीचा गुलाम. पायाखाली खड्डा दिसतो तरी पाय पुढे पडतोच. त्याने मान वाकडी केली, डोळे फिरवले आणि म्हातारीचंच वाक्य तिच्याच सुरात तिला परत ऐकवलं. "थोरली आत कोंडलीय रे!" नाकातून, ठेका धरून, हात नाचवत.

वॉर्ड खो खो हसला. आयाने तर भिंत धरली.

म्हातारी मात्र गप्प झाली. तिने त्याचं मनगट पकडलं. नक्कल जरा जास्तच बरोबर उतरली होती. "अरे," ती हळू म्हणाली, "तू आपला आहेस. सांग ना यांना, लेकरा."

"काय म्हणतेय?" हेडसिस्टरने विचारलं.

सांगायला किती लागलं असतं? एक वाक्य. पण त्या वाक्याच्या आधी दुसरं एक सांगावं लागलं असतं, की ही भाषा मला येते, ही माझ्या आईची. ज्यांच्यासमोर आत्ताच तिचं माकड केलं, त्यांना.

त्याने मनगट सोडवलं. "ही आपल्या तक्त्यात नाही बुवा," तो म्हणाला, आणि लिफ्टकडे चालायला लागला. मागून टाळ्या पडल्या.

पुढचे दोन तास लिफ्ट वर जात होती, खाली येत होती, आणि तो तोंड उघडत नव्हता.

"काय रे दहातोंड्या, सगळी तोंडं एकदम पोळली की काय?" तिसऱ्यावरचा एक कंपाउंडर म्हणाला. लिफ्टमन नुसता हसला. बटण दाबलं.

मनातल्या मनात तो सतरा वाटा शोधत होता. पोलिसांना नाव न सांगता फोन करावा? करावा. पण फोन खिशातच राहिला. आत्ता आठवलं म्हणावं, लहानपणी एक शेजारीण अशी बोलायची? म्हणावं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं की जीभ टाळूला चिकटायची. दुसऱ्याच्या फजितीसाठी ज्याला क्षणात दहा थापा सुचायच्या, त्याला एक धड थाप सुचेना. ऊन वाढत होतं. पत्र्याच्या खोलीत माठ बाहेर राहिलेली आंधळी म्हातारी. तो घामाने भिजला, पंखा होता तरी.

बाराच्या सुमाराला ट्रॉलीवाल्याने चौथ्यावरून ट्रॉली आत ढकलली. ट्रॉलीवर तीच. एक्स-रेला निघालेली.

आता ओरडत नव्हती. वर दिव्याकडे पाहत पडली होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर तक्ता. एकशे पन्नास कोटी, शंभर कोटी, साठ कोटी.

दुसऱ्या मजल्यापाशी त्याच्या कोपराला काहीतरी लागलं. त्याने वळून पाहिलं. म्हातारीने मूठ उघडली होती. तळहातावर किल्लीचा लाल छाप उठला होता, आणि किल्ली ती त्याच्याकडे करत होती. एक शब्द बोलली नाही. विनवलं नाही, शिवी दिली नाही. दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याला देत होती.

"घे घे," ट्रॉलीवाला म्हणाला, "घर तुझ्या नावावर करतेय म्हातारी! नशीब काढलंस लेका!"

त्याने किल्ली घेतली. तळमजल्यावर ट्रॉली उतरली. त्याने लिफ्टच्या दारात स्टूल आडवं टाकलं आणि तसाच रस्त्यावर गेला. तीस वर्षांच्या नोकरीत ड्युटी सोडून गेल्याची त्याची ती पहिली वेळ.

साबणाचा कारखाना, निळी टाकी, तिसरी खोली. दारासमोर माठ होता. कुलूप तापून भाजत होतं.

आतून आवाज आला, "आलीस का गं? किती उशीर!"

त्याने तोंड उघडलं. शब्द घशात होते, पण गंजलेले. "मी आहे, मावशी," तो कसाबसा त्या बोलीत म्हणाला. "धाकटीने पाठवलंय. तिचा पाय मोडलाय. पण ती बरी आहे."

कुलूप उघडलं. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून थोरली बसली होती. ओठ कोरडे. लुगडं ओलं झालेलं होतं आणि ते लपवायला तिने मांडीवर चादर ओढून घेतली होती. "जरा तिकडे तोंड कर," ती आधी म्हणाली. मग स्वतःशीच, "म्हातारपण, दुसरं काय."

त्याने पाणी दिलं. तिने तांब्याभर घटाघटा प्यायलं आणि मग हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला.

"कुणाचा रे तू?"

तो म्हणाला, "वीटभट्टीवर एक ठेंगणी होती बघा. तिचा."

"ठेंगणीचा!" म्हातारीचा चेहरा उजळला. "अगं बाई! काय बोलायची रे ती! तोंडाला कुलूप म्हणून नाही. विटा वाहताना बोलायची, जेवताना बोलायची, झोपेतसुद्धा बडबडायची. आम्ही म्हणायचो, हिला मेल्यावर दोनदा पुरावं लागेल, एकदा हिला आणि एकदा तोंडाला. नकला तर अशा करायची... आहे का अजून?"

"गेली. अकरा वर्षं झाली."

"हं." तिने मांडीवरची चादर सारखी केली. "शेवटपर्यंत बोलत होती ना?"

तो माठाकडे पाहत राहिला.

"हो," तो म्हणाला. "खूप बोलायची."

"छान," थोरली म्हणाली. "सुखी असणार मग."

तिने दार आतून लावून लुगडं बदललं. मग त्याने तिला रिक्षात घालून इस्पितळात आणलं, तेव्हा भेटायची वेळ झाली होती. लिफ्ट गच्च. स्टुलावर ट्रॉलीवाला बसला होता, त्याच्यावर कावलेला. "कुठे उलथला होतास रे? माझा बाप लागतोस का तू, तुझी लिफ्ट मी चालवायला?"

थोरलीने त्याचा दंड घट्ट धरला होता. जन्मात लिफ्टमध्ये बसली नव्हती. लिफ्ट हलली तशी म्हातारी त्याच्या कानाशी, पण बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली, "बाळा, जमीन वर चाललीय का रे?"

सगळ्यांनी माना वळवल्या. घाम पुन्हा फुटला. पण दंडावर तिची बोटं होती, आणि या वेळी तो बोलला. स्पष्ट, मोठ्याने, आईच्या बोलीत : "घाबरू नका मावशी. मी आहे ना. हे आपल्याला वर नेतंय."

मग ट्रॉलीवाल्याने मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे! अकरावी पण उचलली की! एका दिवसात! अरे पुन्हा कर, पुन्हा कर!"

लिफ्ट हसून हसून हलायला लागली. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर ते आणखीच हसले. उघडलेल्या तोंडाला हसायची त्यांना त्यानेच सवय लावली होती.

"काय झालं? का हसतायत?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही आलात म्हणून खूश झालेत," तो म्हणाला.

"असं होय," म्हणत म्हातारी हसली, आणि ज्या बाजूला कुणीच नव्हतं, नुसती स्टीलची भिंत होती, त्या बाजूला तिने दोनदा मान लववली.

वॉर्डात धाकटीच्या पायाला वजन बांधलं होतं. थोरलीला पाहताच ती रडली नाही, ओरडली नाही. तिचे खांदे एकदम खाली आले, इतकंच. दोघी बोलायला लागल्या, एकमेकींचे शब्द तोडत. माठ, भाजी, स्कूटर, लुगडं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. तहानलेल्याने नळाखाली तोंड धरावं तसा. हेडसिस्टर केव्हा मागे आली, त्याला कळलं नाही.

"ही कोण? तू आणलीस?" तिच्या कपाळावर आठी चढली. "म्हणजे तुला कळलं होतं ही काय बोलतेय ते? सकाळपासून? आणि तू आम्हाला...?"

शेजारच्या खाटांवरचे लोक पाहायला लागले. सकाळचेच. ती भिंत धरणारी आया पण.

थोरलीला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती धाकटीला कौतुकाने सांगू लागली, "अगं, हा आपला आहे. ठेंगणीचा मुलगा! विचार त्याला."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो मान खाली घालून उभा. कधी एकदा बोलते आणि सगळं बाहेर पडतं, असं त्याला झालं होतं. पडावंच, असंही वाटत होतं.

मग ती हेडसिस्टरकडे वळली आणि बाजारातले तिचे ते मोजके शब्द जुळवत म्हणाली, "नाही. नाही. साहेब." तिने त्याच्याकडे बोट केलं, आपल्या ओठांवर दोन बोटं ठेवली आणि हात हलवला. याला आमची बोली येत नाही. मग किल्ली फिरवल्याची खूण केली, दूर खिडकीकडे हात केला. मी खुणेने सांगितलं, हा गेला. "साहेब," त्याच्याकडे बोट करून ती पुन्हा म्हणाली. "नाही."

"हां, खुणेने होय," हेडसिस्टर म्हणाली. "मला वाटलं... जाऊ दे. चांगलं काम केलंस हो."

त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

थोरलीचा हात मघाशी त्याचा दंड होता तिथे हवेत चाचपडत होता. धाकटीने तो धरला, हळूच खाली घेतला आणि आपल्या पांघरुणावर ठेवला.